लाकूड मात्र चांगलं आहे!

मराठी माणूस चित्राला घाबरत नाही, कारण त्याने लहानपणी इंटरमिजिएट दिलेली असते.

शासकीय रेखाकला परीक्षा हे महाराष्ट्राचं एक खास वैशिष्ट्य. आधी एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. स्थिरचित्राला एक तांब्या, एक वांगं आणि मागे इस्त्री न केलेला पडदा. स्मरणचित्राला ‘नळावर पाणी भरणाऱ्या बायका’. या बायका आजवर पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुलांनी काढल्या. त्यांची हंडा-कळशी अजून भरलेली नाही. पण या परीक्षेत ‘बी ग्रेड’ मिळवलेला माणूस पुढे बँकेत जावो, विमा कंपनीत जावो की पाटबंधारे खात्यात, चित्रकलेवर मत देण्याचा त्याचा हक्क तहहयात अबाधित राहतो. अलीकडे तर इंटरमिजिएटच्या ए ग्रेडला दहावीत ७ गुण वाढवून मिळतात, बीला ५ आणि सीला ३. त्यामुळे ज्या घरात रंगपेटी ‘पसारा’ या सदरात मोडायची, त्याच घरातली आई आता पोराला बजावते, “तांब्याचा काठ नीट काढ. सात मार्कांचा आहे तो.”

आमचे साडू बी ग्रेडवाले. नोकरीची सगळी वर्षं बँकेच्या कर्जविभागात गेली. त्यामुळे कोणत्याही वस्तूपुढे उभे राहिले की त्यांच्या मनात आधी तिचं तारणमूल्य येतं आणि मग, वेळ उरलाच तर, सौंदर्य. अशा माणसाबरोबर काष्ठचित्रांचं प्रदर्शन पाहण्याचा योग आला तो निव्वळ उन्हामुळे. फोर्टातलं एक काम उरकलं होतं आणि दुसऱ्या कामाचे साहेब जेवून तीनशिवाय जागेवर येणार नव्हते. मे महिना होता. साडू म्हणाले, “जहांगीरमध्ये जाऊ. फुकट आहे.”

वाटेत काळा घोडा लागला. मूळचा घोडा पाठीवरच्या सातव्या एडवर्डसकट १९६५ साली इथून हलला आणि राणीच्या बागेत गेला. २०१७ साली चौकात नवा घोडा आला, पण या खेपेस पाठ रिकामी. साडूंनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि निकाल दिला, “राजा वगळला. खर्च वाचला.”

जहांगीर कलादालन १९५२ साली सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभं राहिलं. मुंबईकरांना ते तीन कारणांसाठी प्रिय आहे: आत चित्रं असतात, आत गारवा असतो आणि दारात कोणी तिकीट विचारत नाही. क्रम माणसागणिक बदलतो. चौथं कारण होतं समोवार. १९६४ साली सुरू झालेलं ते उपाहारगृह २०१५ साली बंद पडलं, तरी आत शिरल्याशिरल्या सवयीने त्या बाजूला वळणारी मंडळी अजून दिसतात. त्यांना कोणी काही सांगत नाही. ती क्षणभर थबकतात आणि मग चित्रांकडे वळतात. दुःखात माणसाला कलेचाच आधार.

त्या आठवड्यात आत एका तरुण चित्रकर्तीची काष्ठचित्रं लागली होती. मूळची कोल्हापूरकडची, जे. जे.त शिकलेली, नंतर बडोद्याला प्रिंटमेकिंग केलेली. विषय होता मुंबईतली एक पाडलेली चाळ. आणि गंमत अशी, की चित्रं कोरली होती त्या चाळीच्याच दारांवर, फडताळांच्या फळ्यांवर आणि जिन्याच्या पायऱ्यांवर. भिंतींवर काळ्या शाईतले मोठाले छाप होते. एके ठिकाणी गॅलरीत वाळत घातलेलं गोधडीचं ओझं, एके ठिकाणी नळाखालच्या बादल्यांची रांग, एके ठिकाणी जिन्यावर पाठमोरी बसलेली म्हातारी. मधोमध एका ओट्यावर एक अख्खं कोरलेलं दार आडवं ठेवलं होतं.

प्रदर्शनातले सगळे प्रेक्षक त्या दाराभोवती जमलेले होते. चित्रांपुढे कोणीच नव्हतं.

त्यात नवल नाही. चित्रापुढे उभं राहिलं की आपल्याला काहीतरी कळलं पाहिजे, अशी एक धास्ती असते. दाराची धास्ती नसते. दार आपल्या घरीही आहे. साडू गर्दीत घुसले, खाली वाकले, बोटाच्या पेराने कड ठोकून पाहिली (‘कृपया हात लावू नये’ ही पाटी त्यांच्या कोपराखाली होती) आणि जाहीर केलं, “बर्मा टीक!”

गर्दीत आदर पसरला. एका गृहस्थांनी शंका काढली की सीपी टीक असेल. साडूंनी त्यांना लाकडाच्या रेषा दाखवल्या. जुन्या चाळींना असाच माल वापरत, आता ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात असलं दार मिळालं तर नशीब, वगैरे. तिसऱ्या एकाने भाव विचारला. पाच मिनिटांत तिथे सागवानावरचं इतकं अभ्यासपूर्ण चर्चासत्र रंगलं की चित्रकर्ती कोपऱ्यातल्या खुर्चीवरून उठून ऐकायला आली. ती चित्रकर्ती आहे हे कळताच साडूंनी तिला विचारलं, “मॅडम, एवढ्या चांगल्या दारावर तुम्ही हे… कोरलंत?”

खून उघडकीला आल्यावर फौजदार विचारतो, तो स्वर.

ती हसली आणि समजावून सांगू लागली. वुडकटचं तंत्र सांगायला सोपं आहे. लाकडाच्या सपाट पृष्ठभागावर चित्र आखायचं. जिथे पांढरं हवं, तिथलं लाकूड पटाशीने, गोल पटाशीने कोरून काढायचं. जिथे काळं हवं, तिथलं तसंच ठेवायचं. काचेवर शाई लाटून ती रोलरने लाकडावर फिरवायची. वर उरलेल्या भागालाच शाई लागते, खोल गेलेला भाग कोरडा राहतो. त्यावर कागद ठेवून मागून घासायचं आणि कागद उचलायचा. म्हणजे हातांनी जे कोरलं ते छापात दिसत नाही. ज्याला हात लावला नाही तेच दिसतं. शिवाय इथे खोडरबर नाही. पटाशी एकदा पुढे सरकली की गेलेलं लाकूड परत येत नाही.

“चुकलं तर?” साडूंनी विचारलं.

“तर चित्र बदलायचं.”

“म्हणजे म्हातारीचं नाक उडालं तर?”

“तर ती पाठमोरी बसते,” ती म्हणाली.

आम्ही सगळ्यांनी जिन्यावरच्या म्हातारीकडे नव्या नजरेने पाहिलं.

एका बाईंची शंका अधिक मूलभूत होती. एवढं मोठं दार घासता कशाने? यंत्रात तर मावणार नाही. चित्रकर्तीने पिशवीतून एक लाकडी भातवाढी काढून दाखवली. जपानमध्ये यासाठी बांबूच्या पानात गुंडाळलेली बॅरन नावाची गोल चकती वापरतात. पण भातवाढीचा फुगीर भाग हाताला बरा पडतो, म्हणाली. पापड लाटावा तसा हलक्या हाताने, मधून कडेकडे दाब देत जायचं. बाई बराच वेळ भातवाढीकडे बघत राहिल्या आणि मग काळजीने म्हणाल्या, “ही परत स्वयंपाकात नाही ना घेत?”

आता मंडळी धीट झाली आणि चित्रांकडे सरकली. इथून पुढे मराठी प्रेक्षकाचे ठरलेले प्रश्न सुरू झाले. पहिला प्रश्न कोणत्याही प्रदर्शनात, कोणत्याही चित्रकाराला विचारला जातोच: “हे बघून काढलंय की मनाने?” बघून काढलं असेल तर त्यात काय विशेष, आणि मनाने काढलं असेल तर खरं कशावरून, असा हा दुधारी प्रश्न आहे. यातून सुटलेला चित्रकार मी पाहिलेला नाही.

खरं तर काष्ठचित्रांच्या इतिहासातलं एक अतिशय गाजलेलं चित्र बघूनही काढलेलं नाही आणि मनानेही नाही. ते ऐकून काढलेलं आहे. आणि त्याचा एक धागा आपल्या गोव्याशी जुळलेला आहे. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फर शाह याने पोर्तुगीजांना एक गेंडा भेट दिला. गोव्यात बसलेल्या पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला गेंड्याचं काय करावं ते कळेना, म्हणून त्याने १५१५ च्या जानेवारीत तो जहाजावर चढवून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवून दिला. आलेली भेटवस्तू तशीच पुढे सरकवायची आपली लग्नसराईतली रीत किती जुनी आणि किती आंतरराष्ट्रीय आहे, हे यावरून ध्यानात येईल. २० मे १५१५ रोजी गेंडा लिस्बनला उतरला. त्याचं वर्णन आणि एक कच्चं रेखाटन जर्मनीत न्यूरेंबर्गला पोचलं. तिथे चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने तेवढ्यावरून त्याचं चित्र केलं आणि ते लाकडावर कोरून छापलं गेलं. गेंडा त्याने जन्मात पाहिला नव्हता. त्यामुळे त्याच्या गेंड्याच्या अंगावर चिलखत आहे, पायांवर खवले आहेत आणि मानेमागे एक छोटं जादा शिंग आहे. छाप युरोपभर गेले आणि पुढची दोन-अडीचशे वर्षं युरोप गेंडा असाच असतो असं मानत राहिला. पुस्तकांमधून त्याच्या नकला निघाल्या, जादा शिंगासह.

खऱ्या गेंड्याची गोष्ट तिथे संपली नाही. पोर्तुगालच्या राजानेही तो ठेवून घेतला नाही. त्याने तो पोपला पाठवला. वाटेत १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि गेंडा गेला. छाप राहिला. आमच्या इंटरमिजिएटच्या परीक्षकांनी ड्यूररला स्मरणचित्रात सीच्या वर सरकू दिलं नसतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

दुसरा ठरलेला प्रश्न छापांच्या खालच्या पांढऱ्या पट्टीवरून निघाला. तिथे पेन्सिलीने डावीकडे ३/१०, मध्ये चित्राचं नाव आणि उजवीकडे सही असते.

“दहापैकी तीन?” साडूंना वाईट वाटलं. “एवढे कमी कोणी दिले?”

“मार्क नाहीत काका. या दारावरून मी एकूण दहाच छाप काढलेत. हा त्यातला तिसरा.”

“मग पहिला कुठाय?”

“तो गेला.”

“आणि दुसरा?”

“तोही गेला.”

“म्हणजे आम्हाला उरलेला.”

“सगळे सारखेच असतात, काका.”

“सारखेच असतात तर नंबर कशाला घालता?”

या प्रश्नावर चित्रकर्ती किंचित गडबडली. जाणकारांनी सांगितलेलं उत्तर असं, की नंबर हा गुणवत्तेचा दाखला नसून हमीपत्र आहे: इतकेच काढले, जास्त काढणार नाही. पण ‘पहिला नंबर’ या कल्पनेवर पोसलेल्या समाजाला हे पटवणं अवघड आहे. शेजारच्या एका छापाखाली ‘ए. पी.’ लिहिलेलं होतं. आर्टिस्ट्‌स प्रूफ म्हणजे चित्रकाराने स्वतःसाठी काढून ठेवलेली प्रत, असं तिने सांगितलं. एका निवृत्त मुद्रितशोधकांनी ताबडतोब चष्मा चढवून त्यातल्या चुका शोधायला सुरुवात केली.

आणि त्यांना एक सापडलीही. “हे बघा,” ते विजयी सुरात म्हणाले, “खोली नंबर १४ उलटा छापलाय!”

खरंच, छापाच्या वरच्या कोपऱ्यात १४ हा आकडा आरशात दिसावा तसा उमटला होता. चित्रकर्ती म्हणाली, तो आकडा माझा नाही, दाराचाच आहे. कोणीतरी केव्हातरी दारावर सुलटा कोरला होता, म्हणून छापात तो उलटा आला. याउलट खाली वाण्याच्या दुकानाची पाटी वाचता येते, कारण ती तिने लाकडावर उलटी कोरली आहे. ठोकळ्यावरचं सगळं छापात डावं-उजवं बदलतं.

इथे साडूंच्या चेहऱ्यावर एकदम ओळख उमटली. “अहो, मग हा शिक्काच की! ‘रोख मिळाली’, ‘खात्यावर जमा’… आम्ही दिवसाला पाचशे मारायचो.” आणि मग थोड्या खेदाने, “नंबर मात्र कधी घातला नाही.”

या ओळखीनंतर साडू बदलले. त्यांनी चष्मा पुसला आणि एकेका छापापुढे उभे राहू लागले. पण बघत होते ते म्हातारीला नव्हे, बादल्यांनाही नव्हे. छापातून ते दार वाचत होते. काळ्या भागातले बारीक पांढरे ठिपके बघून म्हणाले, “हे खिळे. तोरणाचे. दर दसऱ्याला नवा ठोकलाय, जुना काढला नाही.” मधल्या एका लांबट पांढऱ्या पट्ट्यावर बोट रोखलं, “इथे अल्ड्रॉप होता. आणि त्याच्या वर ही भोकं म्हणजे आधीची कडी. म्हणजे मधे कधीतरी चोरी झाली असणार, किंवा वाटणी.” आभाळाच्या जागी लाकडाच्या रेषाच शाईत उमटल्या होत्या आणि त्यांचा तिरपा पाऊस झाला होता. साडूंनी तो पाऊस बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “हा पाऊस पोरीने काढलेला नाही. हा झाडातच होता.”

चित्रकर्ती म्हणाली, “काका, हे मी कॅटलॉगमध्ये छापायला हवं होतं.” नॉर्वेच्या एडवर्ड मुंकनेही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लाकडाच्या अंगच्या रेषा अशाच मुद्दाम छापात येऊ दिल्या होत्या, शिवाय तो ठोकळा करवतीने कापून, तुकड्यांना वेगवेगळे रंग लावून, ते पुन्हा जुळवून छापत असे. साडूंनी विचारलं, “सुतार होता का?” चित्रकार होता म्हटल्यावर ते जरा हिरमुसले.

मी आजूबाजूला नजर टाकली. या वेळात दालनातून बरीच माणसं येऊन गेली होती. काही दारातच उभी राहून चारी भिंतींवरून नजर फिरवून “ब्लॅक अँड व्हाइट आहे” असं एकमेकांना सांगून गेली. एका जोडप्याने गोधडीच्या छापापुढे उभं राहून स्वतःचे इतके फोटो काढले, की त्यांच्यापाठी गोधडी होती की चादर, हे त्यांना घरी गेल्यावर कळलं असेल. दोन चित्रकार आले. त्यांनी चित्रांना नाक लावून फक्त कागदाची चर्चा केली, नेपाळी की जपानी. एक गृहस्थ किंमतींची यादी शेवटपर्यंत वाचून, घडी घालून, खिशात ठेवून निघून गेले. कलेचा आस्वाद असा अनेकांगी असतो. पण चित्रापुढे सगळ्यात जास्त वेळ उभा राहिलेला माणूस होता आमच्या साडूंचा बी ग्रेड, आणि त्याला तिथवर आणलं होतं सागवानाने.

तिसरा ठरलेला प्रश्न मग ओघानेच आला, “पण ही खरी चित्रं नव्हेत ना? म्हणजे कॉपीच.”

हा प्रश्न आपण विचारावा, हा मोठा विनोद आहे. ज्या समाजाच्या देवघरापासून माजघरापर्यंतच्या भिंती छापांनीच भरलेल्या होत्या, तोच समाज छापाला दुय्यम म्हणतो. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ साली पुण्यात चित्रशाळा काढली आणि दगडावरून छापलेली देवादिकांची, पेशवाईतल्या थोरामोठ्यांची चित्रं घरोघर गेली. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना घातला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्याची लक्ष्मी आणि सरस्वती कुठल्या घरात नव्हती? त्या लक्ष्मीपुढे उदबत्ती लावताना आमच्या आज्यांनी कधी विचारलं नाही, की ही अस्सल की प्रत. नवस बोलले गेले आणि फेडलेही गेले. अंधेरीत राहून लिनोलियमवर कष्टकऱ्यांची चित्रं कोरणाऱ्या चित्तप्रसादांना तर चित्र एकाच श्रीमंताच्या दिवाणखान्यात अडकावं हेच मान्य नव्हतं. लाकडावर, लिनोवर कोरायचं ते अनेकांच्या हाती जावं म्हणून. आणि यात दहाही छाप अस्सलच असतात. कुठेतरी मूळ रंगीत चित्र आहे आणि हे त्याचे फोटो आहेत, असा प्रकार नाही. ठोकळ्यावर चित्र पुरं होत नाही, ते कागदावरच होतं.

साडूंवर याचा परिणाम झाला नाही. मग मी त्यांना समजेल अशा भाषेत बोललो. जपानच्या होकुसाईने १८३१ च्या सुमारास एक प्रचंड लाट काढली. तिच्या लाकडी ठोकळ्यांवरून हजारो छाप निघाले आणि तेव्हा ते सामान्य माणसाला परवडेल अशा भावात विकले गेले. त्यातलाच एक छाप मार्च २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे साडेसत्तावीस लाख डॉलरला गेला. बावीस कोटी रुपयांच्या वर.

साडू थांबले. “छाप?”

“छाप.”

“नंबर कितवा होता?”

“तेव्हा नंबर घालत नसत.”

“बघा!” साडू चित्रकर्तीकडे वळून म्हणाले. “नंबर न घालता बावीस कोटी!”

आता त्यांनी बँकवाल्याच्या सावधपणाने शेवटची शंका काढली. दहा छाप झाल्यावर अकरावा काढणार नाही याची हमी काय? दार तर इथेच पडलंय. ती म्हणाली, प्रदर्शन संपलं की मी दारावर आडव्या खोल रेघा मारणार. म्हणजे पुढे कोणी छाप काढलाच, तर त्यात त्या रेघा दिसतील आणि तो खोटा ठरेल. ठोकळा रद्द करण्याची ही रूढ पद्धत आहे.

साडूंचा चेहरा त्या क्षणी पाहण्यासारखा होता. रद्द करणं त्यांना मनापासून पटलं होतं. कोरा चेक रद्द करताना मारायच्या दोन तिरक्या रेघांवर त्यांचं आयुष्यभर प्रेम. पण रेघा पडणार होत्या बर्मा टीकवर. त्यांच्यातला कर्जविभाग आणि त्यांच्यातला सुतार यांचं थोडा वेळ जुंपलं. अखेर ते म्हणाले, “रेघा मारल्यावर दार देशील का? प्लेन करून टीपॉय होईल.”

“दार नाही काका. छाप देईन.”

“कितीला?”

“फ्रेम सोडून बारा हजार.”

साडूंनी घरी फोन लावला. पलीकडून आमच्या मेहुणीचे प्रश्न ऐकू येत होते: केवढं आहे, सोफ्याला मॅच होतं का, आणि म्हातारी कोणाची. साडूंनी चौथा प्रश्न यायच्या आत फोन ठेवला आणि शिल्लक छाप बघायला मागितले. ४, ५, ७ आणि ८ शिल्लक होते. ८ नको, तो शनीचा. ४ नको, राहूचा. ७ वर थोडा विचार झाला. शेवटी ५ ठरला.

“काका, सगळे सारखेच आहेत हो.”

“असतील, बाळ. पण आकडा घरात राहतो.” आणि मग दबक्या आवाजात, “बिल पक्कं मिळेल ना?”

चित्रकर्तीने भिंतीवरच्या पाटीशेजारी लाल टिकली चिकटवली. ती बघून मघाशी किंमतींची यादी खिशात घालून गेलेले गृहस्थ कुठून कोण जाणे परत आले आणि ७ नंबरची चौकशी करू लागले. लाल टिकलीत हे सामर्थ्य आहे. शेजाऱ्याने घेतलं म्हटल्यावर आपल्याला एकदम कला कळू लागते.

निघताना अभिप्रायाची वही पुढे आली. अशा वह्या सगळीकडे एकाच हाताने लिहिल्यासारख्या असतात: ‘स्तुत्य उपक्रम’, ‘असेच यश मिळो’, ‘एसी थोडा कमी करावा’, आणि एका विमा एजंटाचा फोन नंबर. साडूंनी पेन मागून घेतलं आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: ‘लाकूड चांगलं आहे. काम स्वच्छ आहे. दाराला दुसरी कडी का बसवावी लागली, हे कळलं असतं तर बरं झालं असतं.’ जहांगीरच्या वह्यांमध्ये इतका नेमका अभिप्राय फार वेळा लिहिला गेला नसावा. चित्र पाहून चाळीतल्या माणसांविषयी प्रश्न पडणं, ही काही लहान गोष्ट नाही.

तर वाचकहो, सांगायचं इतकंच. आपल्यापैकी बहुतेकांना मोठ्या चित्रकाराचं तैलचित्र परवडणार नाही, आणि म्हणून आपण मॉलमधून फ्रेम केलेला धबधबा आणतो. त्याच्या आसपासच्या पैशांत, फार तर थोडे जास्त घालून, एखाद्या जिवंत, कष्ट करणाऱ्या, समोर बसून उत्तरं देणाऱ्या चित्रकाराच्या हाताचा छाप मिळू शकतो. घेताना पेन्सिलीची सही आणि आकडा पाहा. फ्रेम करताना काच कागदाला चिकटू देऊ नका, उन्हाच्या आणि ओल्या भिंतीवर टांगू नका. मुंबईचा पावसाळा बुरशीला फार मानवतो. घ्यायचं नसेल तरी जा. प्रवेश फुकट आहे आणि प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. चित्रातलं काही कळत नसेल तर लाकडापासून सुरुवात करा, भातवाढीपासून करा, कशापासूनही करा. पण एका चित्रापुढे निदान चहा प्यायला लागतो तेवढा वेळ उभे राहा. सोफ्याला मॅच होतं का, हे मात्र चित्रकाराला विचारू नका. ते सोफ्याच्या दुकानात विचारा.